टोपण लावा, सर

लातूरच्या ट्यूशन एरियात कोणते सर चांगले हे शोधायला माणसं नांदेड, बीड, परभणीहून येतात आणि चौकातले फ्लेक्स बघून आणखीच गोंधळतात. फ्लेक्सवर सगळेच सर चांगले असतात. हाताची घडी, निळा कोट, पाठीमागे उगवता सूर्य आणि पायाशी दीड-दोनशे मुलांचे पासपोर्ट फोटो. त्यातली काही मुलं शेजारच्या क्लासच्या फ्लेक्सवरही त्याच शर्टात हसत असतात. ज्याला पक्की माहिती हवी त्यानं जिन्याखाली स्टुलावर बसलेल्या मामांना गाठावं. मामा निकालाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. "फिजिक्सचे सर तास संपला की बोर्ड स्वतः पुसतेत," किंवा "केमिस्ट्रीच्या सरांना टोपण लावायचं वळण न्हाई," एवढंच सांगतात आणि दस्तीनं मान पुसतात. त्यातून काय घ्यायचं ते पालकांनी घ्यावं.

हे मामा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. शाळा, कॉलेज, अभ्यासिका, जिथे जिथे भिंतीवर पांढरा बोर्ड आहे तिथे तिथे त्याच्या आसपास एक मामा असतातच. पण या जातीचं पूर्ण पिकलेलं रूप बघायचं तर लातुरातच. इथं एका गल्लीत जितके बोर्ड टांगलेले आहेत तितके एखाद्या तालुक्यात नसतील. 'लातूर पॅटर्न'वर बरंच छापून आलं आहे. शाहू कॉलेज, गुणवत्ता यादी, पहाटेपासूनच्या बॅचेस, सराव परीक्षांचा मारा, सगळं आलं. पॅटर्न ज्याच्यावर रोज लिहिला जातो आणि रोज पुसला जातो त्या वस्तूबद्दल मात्र कुणी ओळभर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. आणि पुसणाऱ्याबद्दल तर नाहीच नाही.

कागदोपत्री मामा शिपाई. पहाटे पाचला शटर वर करणं, पाण्याची मोटर लावणं, झेरॉक्स आणणं, मुलींच्या बाजूला बसलेल्या मुलाला उठवून मुलांच्या बाजूला बसवणं, पालक आले की 'सर लेक्चरला आहेत' म्हणणं (सर कुठंही असोत), ही सगळी त्यांची कामं. ती ते बिनतक्रार, थोडं दुर्लक्ष करून उरकतात. जीव बोर्डात. दोन तासांच्या मधली पाच मिनिटं ही मामांची. दोनशे पोरं बाहेर पडायच्या आणि दोनशे आत शिरायच्या धांदलीत ते डस्टर घेऊन बोर्डासमोर उभे राहतात आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करतात. डस्टर सरळ वरून खाली येतो. मग अर्धा डस्टर सोडून पुन्हा वरून खाली. गोल गोल पुसणाऱ्याला मामा अडाणी समजतात, मग तो एम.एस्सी. असो की आयआयटीचा. "गोल फिरवलं की भुकटी बोर्डभर फिरती," हे त्यांचं म्हणणं. "वरून खाली आणली की पट्टीत पडती. पट्टी पुसली, काम झालं."

मामांच्या शर्टाच्या खिशात मार्कर कधी दिसत नाही. ही खूण लक्षात ठेवावी. सरांच्या खिशात मार्कर असतो, निब वर करून, आणि म्हणूनच सरांचा मार्कर दुपारपर्यंत फिका पडतो. निब वर राहिली की शाई खाली उतरते आणि निब कोरडी होते. निब खाली केली की रंग तिथं साचतो आणि ती तुंबते. मार्कर आडवाच ठेवायचा असतो. मामांकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात काळे, निळे, लाल, हिरवे असे चार वाफे पाडून मार्कर शेजारी शेजारी निजवलेले असतात. एका कोपऱ्यात शाईच्या बाटल्या आणि सुई काढलेली इंजेक्शनची सिरिंज. संपलेला मार्कर फेकून देणं हे मामांच्या लेखी पाप. पाचव्यांदा भरलेल्या मार्करची निब झिजून सपाट होते आणि अक्षर दोरखंडाएवढं उमटतं, तेव्हा कुठं तो निवृत्त होतो. तोसुद्धा पूर्ण नाही. त्याचं टोपण काढून ठेवलं जातं. टोपणांची मामांकडे वेगळी पिशवी आहे. कारण क्लासमध्ये मार्करपेक्षा टोपणं जास्त हरवतात. एवढी टोपणं जातात कुठं, हे कोडं नीटच्या पेपरात यायला हरकत नाही.

डब्यातला बहुतेक माल कॅम्लिनचा. मामांना त्या कंपनीचा इतिहास कुणीतरी सांगितलेला आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकरांनी शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली तेव्हा छाप घोड्याचा होता. उंट नंतर आला. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीनं कॅम्लिनमधला मोठा हिस्सा घेतला. हे ऐकल्यावर मामांनी काढलेला निष्कर्ष असा, "घोडा झाला, उंट झाला, जपानी झाले. टोपण लावायची सवय एकानंबी लावली न्हाई."

रात्री साडेनऊला शेवटची रिपीटर बॅच सुटली की खरी पूजा सुरू होते. मुलीची बॅच सुटायची वाट बघत, आणि सुटल्यावर तिच्या शंका संपायची वाट बघत, मी ती अनेकदा पाहिली आहे. एक बादली, जुन्या बनियनचे दोन तुकडे. एक ओला करून घट्ट पिळलेला, दुसरा कोरडा. आधी कोरडा डस्टर, मग ओलं बनियन, मग कोरडं. बनियन सुतीच हवं, शिवण उसवून काढलेलं, कारण शिवणीनं चरे पडतात. मालकांनी एकदा हौसेनं मॉलमधून मायक्रोफायबरची फडकी आणली. मामांनी ती मालकांच्या गाडीची काच पुसायला ठेवली आहेत.

नुसत्या डस्टरनं का भागत नाही, हे मामा कुणालाही समजावून सांगायला तयार असतात. अडचण एवढीच की विचारणारा मिळत नाही. मी विचारलं. "सर, ही शाई बोर्डाला चिकटत न्हाई. ती बोर्डावर नुसती बसती," त्यांनी सुरुवात केली, आणि पुढचं व्याख्यान कुठल्याही सरांना हेवा वाटावा असं झालं. मार्करच्या शाईत रंगाची पूड असते, ती वाहून नेणारं स्पिरिट असतं, थोडी राळ असते आणि एक तेलकट पदार्थ असतो. लिहिलं की स्पिरिट उडून जातं. रंग मागं राहतो, पण त्याच्या आणि बोर्डाच्या मध्ये त्या तेलकट पदार्थाचा पातळ पापुद्रा असतो, म्हणून तो बोटानंसुद्धा निघतो. डस्टरनं रंग जातो, थोडा तेलकटपणा आणि थोडी भुकटी मागं राहते. दुसऱ्या दिवशी त्यावर नवी शाई. तिसऱ्या दिवशी आणखी. आठवडाभरात पांढऱ्या बोर्डाला ढगाळ रंग येतो आणि कालचं आजच्या खालून डोकावायला लागतं. याला मामांचा शब्द 'बोर्ड धरायला लागला'. फारच धरला तर 'बोर्ड रिपीटर झाला'. "मागच्या सालचं सोडायलाच तयार न्हाई."

रिपीटर बॅचच्या पोरांनी हा शब्द ऐकला तेव्हा आधी ती रुसली. मग त्यांनीच खोली नंबर तीनच्या बोर्डाला वाढदिवसाचा केक कापला.

सगळे बोर्ड सारखे धरत नाहीत, हेही मामांनीच सांगितलं. स्वस्तातला बोर्ड म्हणजे लाकडी भुशाच्या फळीवर मेलामाइनचा थर, आपल्या ओट्याशेजारच्या सनमायक्याचा भाऊ. त्याला बारीक छिद्रं असतात, शाई तिथं घर करते. त्याच्या वरचा म्हणजे रंग दिलेला पत्रा. सगळ्यात वरचा म्हणजे पत्र्यावर काचेसारखा मुलामा, आठशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजून बसवलेला. तो नीट सांभाळला तर वर्षानुवर्षं टिकतो. मालकांनी चौकातल्या फ्लेक्सवर केलेल्या खर्चात असे पाच बोर्ड आले असते, पण बोर्ड चौकातून दिसत नाही. नवा बोर्ड आला की मामा फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक त्यावर लावून बघतात. चिकटला तर मागं पत्रा आहे एवढं कळतं. वर साधा रंग आहे की भाजलेला मुलामा, ते चुंबक सांगत नाही. त्यासाठी मामा चार महिने थांबतात.

नव्या बोर्डाची आणखी एक गंमत. त्याच्यावर प्लॅस्टिकचा पातळ कागद असतो, तो काढायचा असतो. पण टीव्हीच्या रिमोटवरचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत वापरणारे आपण, बोर्डाचा कागद बरे काढू! मालकांनी उद्घाटनाला आमदार येईपर्यंत कागद काढायचा नाही असं फर्मान काढलं. आमदार यायला दीड महिना लागला. तोवर त्या कागदावर पूर्ण 'गतीचे नियम' आणि अर्धं 'कार्य, ऊर्जा, शक्ती' शिकवून झालं होतं आणि त्यातलं काहीच पुसत नव्हतं. शेवटी आमदारांच्या हस्ते फीत कापली गेली आणि मामांच्या हस्ते न्यूटन सोलून काढला गेला.

प्रत्येक विषयाचे सर बोर्डाला वेगळे छळतात. केमिस्ट्रीचे सर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सगळीकडे षटकोन काढतात आणि घंटा झाली की बोर्ड तसाच टाकून जातात. गणिताचे सर उजव्या हातानं लिहितात आणि डाव्या हातातल्या डस्टरनं लगेच पुसत जातात. मुलांना उतरवून घ्यायला मधली फक्त दीड फुटाची जागा मिळते, पण मामा त्यांच्यावर खूश. फिजिक्सचे सर डस्टर शोधत बसत नाहीत, तळहातानंच पुसतात. मग विचार करताना तोच हात कपाळाला लावतात. बाहेर येतात तेव्हा त्यांच्या कपाळावर बलाची दिशा उमटलेली असते. जीवशास्त्राच्या मॅडम मात्र मामांची मोठी अडचण आहे. त्या चार रंगांत हृदय काढतात. डावे कप्पे लाल, उजवे निळे, झडपांना हिरव्या रेघा, आणि सगळं एका हातात, न खोडता. ते पुसायला मामांचा डस्टर उचलत नाही. "उद्या सकाळी पुसतो," म्हणतात. सकाळची बॅच 'वनस्पतीतील वहन'ची असते, मॅडम स्वतः बाजूच्या बोर्डावर लिहितात. हृदय तिथंच राहतं. चौथ्या दिवशी ते पुसायला गेलं की महाधमनी निघत नाही. मामांच्या अनुभवानं लाल रंग सगळ्यात चिवट. खोली नंबर पाचमध्ये अजूनही तिरका प्रकाश पडला की रक्ताभिसरण दिसतं.

डाग पडल्यावर काय करायचं, यावर ट्यूशन एरियातल्या सगळ्या मामांचं मिळून एक आयुर्वेदशास्त्र आहे. रात्री चहाच्या गाड्यावर त्याची चर्चासत्रं चालतात. कोलगेटचा एक पंथ आहे. तो डाग काढतो, पण पेस्टमधल्या बारीक रेतीनं बोर्डाची चमकही काढतो, म्हणून आमचे मामा त्या पंथात नाहीत. खोबरेल तेलाचा एक पंथ आहे. त्यानं जुनी शाई सुटते, पण नंतर तेल काढायला साबण लागतो, साबण काढायला पाणी, आणि पाणी काढायला संध्याकाळ. एका मुलीनं मदतीच्या भावनेनं नेलपॉलिश काढायचं द्रव्य दिलं. डाग गेला आणि त्यासोबत बोर्डाच्या चौकटीचा प्लॅस्टिकचा कोपराही वितळला. आणि एका नव्या पोऱ्यानं, दोन दिवसांसाठी लागला होता बिचारा, तारेची घासणी आणि निरमा घेऊन बोर्ड स्वयंपाकघरातल्या कढईसारखा लख्ख घासला. त्या बोर्डाबद्दल मामा बोलत नाहीत. चरे पडलेला बोर्ड कधीच बरा होत नाही. त्याच्या चऱ्यांत आजवर तिथं शिकवलेला प्रत्येक धडा थोडा थोडा शिल्लक आहे.

कोरोनानंतर मात्र सुवर्णकाळ आला. क्लास उघडले तेव्हा मालकांकडे सॅनिटायझरचे पाच-पाच लिटरचे कॅन उरले होते आणि हात धुवायचा उत्साह संपला होता. सॅनिटायझर म्हणजे बहुतांशी अल्कोहोलच, जुनी शाई त्यापुढं टिकत नाही. मामांनी एका आठवड्यात पाच खोल्यांचे बोर्ड असे उजळले की मालकांना वाटलं नवेच आणले. फक्त एका कॅनमधलं जेल निघालं. हातांना कोरड पडू नये म्हणून त्यात ग्लिसरीन असतं, ते बोर्डावर चिकट थर धरून बसलं. त्यावर दुसऱ्या दिवशी सरांनी लिहिलेलं 'कोन' पुसताना अर्धा बोर्ड करड्या लोण्यासारखा पसरला. तेव्हापासून मामा कॅनवरची घटकद्रव्यं वाचतात. चष्मा लावून, मोठ्यानं, शेजारच्या मामांनाही ऐकू जाईल असं.

पण मामांची खरी कसोटी त्याआधीच झालेली होती. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं आलं. मिरजेहून, कृष्णेचं. एप्रिलच्या १२ तारखेला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, अंदाजे पाच लाख लिटर. टीव्हीवाल्यांनी त्या गाडीचे फोटो काढले, पण प्यायला आठ दिवसाला एकदा पाणी येणाऱ्या गावात बोर्ड कशानं पुसायचे, हा प्रश्न कुणाच्या बातमीत आला नाही. मालकांनी सांगितलं, ओलं पुसणं बंद. मामांनी मान डोलावली. तीन दिवसांत बोर्ड ढगाळले, ज्या आभाळात ढग हवे होते ते मात्र स्वच्छ होतं. मग मामा एका संध्याकाळी रिकाम्या वर्गात बाकांखाली वाकताना दिसले. पोरं पाण्याच्या बाटल्या विसरून जायची, तळाशी दोन-दोन घोट पाणी. मामा ते एका तांब्यात जमा करत होते. पाच खोल्यांतून मिळून तांब्याभर निघायचं. त्या तांब्याभर पाण्यात पाच बोर्ड, रोज, पावसाळा येईपर्यंत. "आख्ख्या जिल्ह्यात कृष्णेच्या पाण्यानं बोर्ड पुसणारा मी एकटाच," हे मामा अजून सांगतात. ते अभिमानानं सांगतात की कबुली म्हणून, ते मला कळलेलं नाही.

मामांचं बालपण खडूच्या राज्यात गेलं. गावात जिल्हा परिषदेची एक खोलीची शाळा, भिंतीवर सिमेंटचा फळा. महिन्यातून एकदा फळा काळा करायचा असे. रेडिओचे संपलेले सेल फोडून आतली काळी पूड काढायची, पाला कुटून त्यात मिसळायचा आणि ते फळ्यावर घोटायचं. ते काम वर्गातल्या हुशार पोराला मिळायचं, आणि मामांना ते तीन वर्षं मिळालं, याची त्यांनी मला दोनदा आठवण करून दिली. १९८७ साली केंद्र सरकारची खडू-फळा मोहीम आली. खोल्या दोन, शिक्षक दोन, नवा फळा, नकाशे, खेळणी, सगळं देणार म्हणाले. गावात सामान आलंही. हेडमास्तरांनी ते पोरांनी खराब करू नये म्हणून पेटीत घालून कुलूप लावलं. ते निवृत्त होईपर्यंत पेटी सुरक्षित राहिली. "खडू होता तवा माणसं संध्याकाळला पांढरी व्हायची," मामा म्हणतात. "आता काळी व्हायलेत. एवढाच फरक."

एकदा मात्र मामांनी सगळ्या क्लासला शिकवलं. जूनमध्ये नव्या बॅचला प्रेरणा द्यायला बाहेरगावचे एक वक्ते आणले होते. त्यांनी भाषणाच्या भरात खिशातून स्वतःचा मार्कर काढला आणि मुख्य बोर्डावर मधोमध हातभर अक्षरांत लिहिलं, 'अशक्य काहीच नाही'. टाळ्या झाल्या. वक्ते गेले. मामा डस्टर घेऊन आले आणि अशक्य काहीच नाही हे वाक्य पुसणं अशक्य आहे असं निष्पन्न झालं. मार्कर कुरिअरच्या खोक्यावर पत्ता लिहायचा, न जाणारा होता. मालक घाबरे झाले. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बॅच. केमिस्ट्रीचे सर म्हणाले, थिनर आणा. गणिताचे सर म्हणाले, वरून पोस्टर लावा. फिजिक्सच्या सरांनी तळहात लावून बघितला.

मामांनी डब्यातून एक नवा काळा व्हाइटबोर्ड मार्कर काढला, टोपण उघडलं आणि त्या अक्षरांवरून सावकाश गिरवायला लागले. सगळ्यांना वाटलं, मामांचं डोकं फिरलं. 'अ' पूर्ण गिरवून शाई ओली असतानाच त्यांनी बनियन फिरवलं. काळ्या शाईबरोबर खालचं अक्षरही निघून आलं. न जाणाऱ्या शाईत तो तेलकट पदार्थ नसतो, चिकटणारी राळ असते, म्हणून ती धरून बसते. पण तिला विरघळवणारं स्पिरिट साध्या मार्करच्या शाईत असतंच. तिची तिच्याच जातीच्या द्रवानं सुटका होते. केमिस्ट्रीचे सर हाच नियम दरवर्षी ऑगस्टमध्ये शिकवतात, दोन गुणांसाठी. ते बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिले. मग त्यांनी मामांना विचारलं, "हे कुठं वाचलं?" मामांचं लक्ष दुसरीकडे होतं. वाक्य मोठं होतं, आणि 'नाही'पर्यंत येता येता मार्कर संपला होता. नवा कोरा मार्कर एका भाषणापायी खर्ची पडला, याचं दुःख त्यांना पुढं कितीतरी दिवस पुरलं. वक्त्यांच्या मानधनातून पंचवीस रुपये कापून घ्यायला त्यांनी मालकांना खरोखर सुचवलं होतं.

बोर्डाच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून 'पुसू नये' असं लिहिण्याची सरांना सवय असते. मामा ती आज्ञा पाळतात, आणि तीच त्यांची एकमेव कमजोरी. खोली नंबर दोनमध्ये एका सरांनी अशी चौकट केली आणि आत काही आकडे लिहिले. पुढच्याच आठवड्यात ते सर जास्त पॅकेजवर समोरच्या क्लासला गेले. इथं असं होतं, दिवाळीआधी तर फारच. नवे सर आले. त्यांनी चौकट बघितली, आपल्याआधीचं महत्त्वाचं काहीतरी असणार म्हणून तिला वळसा घालून लिहायला लागले. मुलांनी आकडे वहीत उतरवून घेतले. एकानं ते स्थिरांक असल्याचं सिद्ध केलं. मामा रोज रात्री त्या चौकटीच्या कडेकडेनं बनियन फिरवत राहिले. मार्च महिन्यात ते जुने सर रस्त्यात भेटले तेव्हा मामांनी विचारलं, पुसू का? सरांना आधी काही आठवेना. मग आठवलं. ते दूधवाल्याचं उधार होतं.

चौकट पुसली, पण 'पुसू नये' निघालं नाही. रिपीटर झालं होतं.

गेल्या वर्षी मालकांनी खोली नंबर एकमध्ये ७५ इंची डिजिटल पॅनेल बसवलं. बोटानं लिहायचं, बोटानं पुसायचं, भुकटी नाही, मार्कर नाही. उद्घाटनाला मामा मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभे होते, जवळजवळ फ्लेक्ससारखे. पॅनेलवर दिवसभरात दोनशे बोटांचे ठसे पडतात हे त्यांनी पहिल्याच संध्याकाळी हेरलं आणि रात्री ओलं बनियन घेऊन वरून खाली पुसायला घेतलं. पॅनेल चालू होतं. पहिल्या फटक्यात उद्याचं लेक्चर पुढं सरकलं, दुसऱ्यात एका सरांचं व्हॉट्सअॅप उघडलं, तिसऱ्यात रविवारच्या परीक्षेची उत्तरपत्रिका आली. मामा शांतपणे पुसत होते. दारात उभी असलेली रिपीटर बॅचची चार मुलं मात्र कधी नव्हे ती एकाग्र झाली होती.

पॅनेलसाठी मोठ्या शहरातून खास सर आणलेत. पॅकेज लाखांत, पांढरी उंच गाडी, शिकवताना इकडून तिकडे चालतात. एका दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर पंखे आणि ट्यूबलाइट चालतात, पॅनेल चालत नाही. दोनशे मुलं, 'विद्युतचुंबकीय प्रवर्तन', आणि सरांच्या हातात बोटाशिवाय काही नाही. बाजूला जुना बोर्ड होता, पांढराशुभ्र, कारण वापर नसला तरी मामा तो रोज पुसत होते. सर धावत जिन्याखाली आले. "मामा, मार्कर."

मामांनी डबा उघडला, निळा मार्कर काढला, पण हातात दिला नाही. "सर, गाडीची चावी ठिवा."

"म्हणजे?"

"मार्कर परत आला की चावी घिऊन जावा. टोपणासकट."

सर हसले. मामा हसले नाहीत. वर दोनशे मुलांचा गलका वाढत होता. सरांनी चावी दिली.

तास दणक्यात झाला असं म्हणतात. बोर्डावर शिकवताना सर चालायचे थांबले आणि मुलांना पहिल्यांदाच सगळं उतरवून घेता आलं. पण संध्याकाळी मार्कर सापडेना. सर रिक्षानं घरी गेले. दुसऱ्या दिवशीही रिक्षानं आले. पांढरी गाडी क्लाससमोर उभी, तिच्यावर पोरांनी धुळीत बोटानं 'टोपण लावा' असं लिहिलेलं. मालकांनी मध्यस्थी करून पाहिली, पंचवीस रुपये देऊ केले, मामा म्हणाले, पैशाचा प्रश्न नाही. तिसऱ्या दिवशी सरांच्या बायकोला धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात मार्कर सापडला, टोपण लावलेला, पण खिशात उभा राहिलेला.

मामांनी तो दोन बोटांत धरून जिन्याखालच्या उजेडात फिरवला, एका जुन्या बोर्डाच्या तुकड्यावर रेघ ओढून बघितली, दस्तीनं पुसली, पुन्हा ओढली.

"निब दाबलीय सर," म्हणाले, आणि मग चावी दिली.